विस्क्री: तटबंदीचं चर्च, घरगुती मुक्काम आणि लोकरी मोजे

रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात ब्राशोवहून सिगिश्वाराला जाणारे बहुतेक प्रवासी विस्क्रीला तासभर देतात. चर्चचा फोटो, निळ्या घराचा फोटो, की परत गाडीत. तेवढ्यासाठी हमरस्ता सोडून आत वळायची गरज नाही; सास्कीझचं तटबंदीचं चर्च त्याच रस्त्यालगत आहे आणि तेही जागतिक वारशाच्या यादीत आहे. विस्क्रीला जायचं तर एक रात्र राहायला जा. संध्याकाळी गाड्या परतल्या, गाई चरून घराकडे निघाल्या की हे गाव कसं बांधलंय आणि कसं चालतं ते कळायला लागतं.

बाराव्या शतकात हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने सरहद्दीवर जर्मनभाषक शेतकरी आणि कारागीर वसवले. त्यांनाच पुढे ट्रान्सिल्व्हेनियाचे सॅक्सन म्हणू लागले. गावाचं जर्मन नाव डॉइच-वाइसकिर्श. 1990 नंतर बहुतेक कुटुंबं जर्मनीला गेली आणि आज गावात सॅक्सन मोजकेच उरलेत. आता बहुसंख्य घरं रोमानियन आणि रोमा (युरोपातला एक अल्पसंख्याक समाज) कुटुंबांची आहेत. त्यामुळे इथे ‘जर्मन गाव’ बघायला जाऊ नका. सॅक्सनांनी बांधलेलं आणि आज दुसऱ्यांनी जपलेलं गाव बघायला जा.

चर्चला किमान दीड तास ठेवा. 1999 मध्ये हे गाव जागतिक वारशाच्या यादीत आलं ते या चर्चमुळे आणि त्याला धरून असलेल्या गावरचनेमुळे. आधी चर्चमध्ये न शिरता तटाच्या आतून एक फेरी मारा. भिंतीलगत छपराखाली लाकडी सज्जा आहे, तिथे प्रत्येक कुटुंबाची धान्याची पेटी असायची. वेढा पडला तर खायला हवं, आणि शांततेच्या काळातही कोठार म्हणून हीच जागा कोरडी आणि सुरक्षित. एका बुरुजात खारवलेल्या डुकराच्या चरबीच्या लाद्या टांगत. जाड भिंतींमुळे तिथे उन्हाळ्यातही गारवा राहतो. लादीवर घराची खूण उमटवलेली असायची आणि ठरल्या दिवशी बुरुज उघडला की ज्याने त्याने आपला तुकडा कापायचा. कापलेल्या कडेवर पुन्हा खूण होई, म्हणजे मधल्या काळात कुणी हात मारला तर लगेच दिसावं. हे समजून घेतलं की तटबंदी म्हणजे फक्त लढाई ही समजूत गळून पडते.

आत बिनपाठीचे बाक दिसतील. ते बायकांसाठी असत आणि बसायची जागा वयाप्रमाणे ठरलेली असे. कठड्यांवरच्या रंगीत लाकडी फळ्या जवळ जाऊन बघा, पण हात लावू नका, जुना रंग पापुद्र्यांनी सुटतो. मनोऱ्याचा लाकडी जिना अरुंद, चढा आणि अंधारा आहे. पाठीवरची सॅक खालीच ठेवा, नाहीतर वळणावर अडकते. तुळया डोक्याच्या उंचीवर येतात, आणि उतरताना तोंड पायऱ्यांकडे करून उतरा. गुडघ्यांचा त्रास असेल तर वर न गेल्याने फार काही बुडत नाही, खालचं संग्रहालय जास्त मोलाचं आहे. हिवाळ्यात जाणार असाल तर चर्च उघडं आहे का ते मुक्कामाच्या घरी आधी विचारून घ्या. तिकिटासाठी रोख लेई (रोमानियाचं चलन) जवळ असू द्या.

मुक्कामाची घरं एकाच साच्यातली: निमुळती बाजू रस्त्याकडे, शेजारी उंच फाटक, मागे लांब अंगण आणि अंगणाच्या शेवटी आडवं धान्याचं कोठार. निवडताना भिंती बघा. जिथे चुन्याचा गिलावा राखलाय ती खोली कोरडी असते. जिथे जुन्या विटा-दगडांवर सिमेंट फासलंय तिथे जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही, गिलावा फुगतो, पोपडे पडतात आणि खोलीला कुबट वास येतो. मिहाई एमिनेस्कू ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने इथली घरं चुना आणि हाताने पाडलेली कौलं वापरून दुरुस्त केली, आणि फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

काही घरांत जुना खणासारखा ओढायचा पलंग असतो. तो लांबीला कमी पडतो, त्यामुळे सहा फुटी माणसाने बुकिंग करतानाच साधा पलंग मागावा. थंडीत टाइल्सची लाकडावरची शेगडी असते. ती तापायला वेळ घेते, म्हणून झोपायच्या दोनेक तास आधी पेटवून घ्या. निखारे पूर्ण विझल्याशिवाय धुराड्याची झडप बंद करायची नाही. कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो आणि त्याला वास नसतो.

जेवण मुक्कामाच्या घरीच आदल्या दिवशी सांगून घ्यावं. झाकुस्का (वांगी आणि ढोबळी मिरचीची चटणी), ताजं चीज, मामालिगा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट लगदा, आणि घरचा जॅम ही खात्रीची बाजू. शाकाहारी मंडळींची गडबड चोर्बा या आंबट सुपात होते: वर भाज्या दिसतात, पण पाणी बहुधा हाडांचं असतं किंवा फोडणी चरबीची. ‘व्हेजिटेरियन’ म्हणण्यापेक्षा ‘दे पोस्त’ म्हणा. ते ऑर्थोडॉक्स उपासाचं जेवण. त्यात मांस, अंडी, दूध काहीच येत नाही आणि प्रत्येक घरी ते करता येतं. चीज चालत असेल तर तेवढं वेगळं सांगा.

निळं घर, क्रमांक 163, ब्रिटनचे आताचे राजे चार्ल्स यांनी 2006 मध्ये घेतलं. तिथे राहता येईल असं समजून लोक येतात आणि हिरमुसतात. त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं मुक्कामाचं ठिकाण कोवास्ना जिल्ह्यातल्या वालेआ झालानुलुई गावात आहे, इथून बरंच दूर.

पोहोचण्याची अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. ब्राशोव–सिगिश्वारा रस्त्यावर बुनेश्तला फाटा फुटतो, तिथून गाव सात-आठ किलोमीटर आत. बस फाट्यावर सोडेल, पण पुढे सार्वजनिक वाहन धरून चालू नका. घरमालकाला आधी सांगितलं तर गाडी पाठवतात. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी एक सोय झाली आहे: 1 जानेवारी 2025 पासून रोमानिया पूर्णपणे शेंगेनमध्ये (युरोपातला सामायिक व्हिसाचा प्रदेश) आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो, रोमानियाचा वेगळा व्हिसा लागत नाही.

मेशेन्दॉर्फकडे डोंगरातून पायवाट जाते, पण खरी काळजी मेंढपाळांच्या कुत्र्यांची. कळप दिसला की लांबून वळसा घाला. कुत्रे आलेच तर पळू नका, जागेवर थांबा आणि मेंढपाळाला हाक मारा. परिसरात अस्वलं आहेत, त्यामुळे दिवेलागणीनंतर रानात नको.

आता मोजे. गावातल्या बाया हाताने विणून दारातच विकतात. विणकामाचा हा उद्योग 1999 मध्ये सुरू झाला आणि शेतीपलीकडे बायकांच्या हाती पैसा आला. घासाघीस करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. लोकर जाडी आहे, पहिले काही दिवस घोंगडीसारखी टोचते. आतून पातळ सुती मोजा घातला की प्रश्न मिटतो. घेताना दोन्ही मोजे टाचेला टाच लावून मापा, कारण हातकामात बोटभर फरक पडतो. टाच आणि चवडा दाबून बघा, तिथली वीण दाट हवी, पहिलं भोक तिथेच पडतं. धुताना गार पाणी आणि सौम्य साबण. गरम पाण्यात चोळले तर लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात आणि मोजा आटून लहान मुलाच्या मापाचा होतो. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आडवे पसरून सावलीत वाळवा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ठेवायचे असतील तर पूर्ण सुकल्यावर कडुलिंबाच्या पाल्यासोबत बंद पिशवीत ठेवा आणि पावसाळ्यात एकदा उघडून कसर लागली नाही ना ते बघा.