ब्लेंडर झकास, पण त्या रिंगने जीव खाल्ला: काही महिने रोज स्मूदी केल्यानंतर

परवा सकाळी कप भरला, बेसवर बसवला, दाबला आणि मशीन ढिम्म. प्लग नीट बसलेला, त्याच सॉकेटवर दुसरं उपकरण चालतंय, पण हा हूं की चूं करत नाही. मोटर जळाली असं वाटून पोटात गोळाच आला, कारण अजून वॉरंटीत असला तरी ती भानगड किती लांबते ते माहितीये. मग प्लग काढून टॉर्च मारून बेसच्या आत बघितलं. कडेला तीन छोट्या खुंट्या असतात बघा, कप दाबून फिरवला की त्या खाली जातात आणि मगच मोटर सुरू होते, त्यातली एक खालीच जात नव्हती. तिच्याभोवती आंब्याचा रस वाळून गोंदासारखा पिवळा थर झालेला. कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं, मग कापसाची काडी, पुसत पुसत अर्धा तास गेला तेव्हा कुठे ती खुंटी परत हलायला लागली. मोटरला काहीही झालं नव्हतं.

आता रस तिथे पोचलाच कसा, तर रिंगमुळे. म्हणून हा सगळा लेखनप्रपंच.

कप भरून त्यावर ब्लेड घट्ट करायचं आणि उलटा करून बेसवर बसवायचा, या प्रकारातला हा छोटा पर्सनल ब्लेंडर आहे, बाकी स्पेसिफिकेशन्स सगळीकडे असतात, परत टाइप करत नाही. ब्लेडच्या झाकणात आतल्या खाचेत सिलिकॉनची एक रिंग बसते. नेहमीच्या उभ्या जारमध्ये झाकणाची रिंग थोडी ढिली असली तरी फार बिघडत नाही, झाकण वरच असतं, फार तर चार थेंब उडतील. इथे कप उलटा असतो, म्हणजे मशीन चालू असताना आतला सगळा ऐवज त्या एका रिंगवर तोललेला असतो आणि तिच्या बरोबर खाली मोटर. असं असताना त्या डिझाइनमध्ये सगळ्यात तकलादू काय असावं, तर तीच रिंग!

पण आधी चांगलं सांगते, कारण स्मूदी खरंच फार छान होते. फ्रोझन आंबा, अननस, केळं असं सगळं घालूनसुद्धा एकजीव, चमच्याने खाता येईल इतकी दाट. घ्यायच्या आधी वाटलं होतं एवढ्याशा मोटरला गोठलेली फळं झेपायची नाहीत, ते मत मी पूर्ण बदललंय, वॉटचा आकडा मोठा असलाच पाहिजे असं काही नाही, कप नीट भरला की काम होतं. उभ्या जारमध्ये पातळ पदार्थ आधी घालायचा, मग मऊ फळं, गोठलेले तुकडे सगळ्यात वर. उलट्या कपात हाच क्रम उलटा होतो, गोठलेले तुकडे आधी, मग मऊ फळ, दूध किंवा पाणी शेवटी, कारण कप उलटवल्यावर जे शेवटी घातलं ते ब्लेडला लागून येतं. ब्लेडपाशी ओलं नसेल तर तिथे हवेची पोकळी तयार होते आणि ब्लेड नुसतं हवेत फिरत बसतं, आवाज मोठा आणि तुकडे जिथल्या तिथे. तसं झालं तर दाबून धरू नका, कप काढा, हलवा, दोन चमचे पाणी घाला आणि थांबत थांबत चालवा. सलग एका मिनिटापेक्षा जास्त चालवू नका असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय आणि ते मी काटेकोर पाळते.

माझं प्रमाण साधारण असं: एक गोठवलेलं केळं, कपभर आंब्याचे तुकडे, अर्धा कप अननस, पाऊण कप पातळ नारळाचं दूध. दोन मध्यम ग्लास होतात. साखर लागत नाही. केळं सालीवर ठिपके आल्यावरच सोलून, चकत्या करून गोठवायचं, साल तशीच ठेवून गोठवलं तर नंतर ती निघता निघत नाही. चकत्या आधी ट्रेवर सुट्या पसरून कडक होऊ द्यायच्या आणि मगच पिशवीत भरायच्या, नाहीतर सगळ्यांचा एक दगड होतो आणि तो दगड या मशीनमध्ये घालायची माझी हिंमत नाही. बर्फ मी घालतच नाही, फळंच गोठलेली असताना वर पाणी कशाला वाढवायचं? केळ्याबद्दल 2023 मध्ये एक अभ्यास आला होता, केळ्यातल्या एन्झाइममुळे फ्लॅवनॉल्स (वनस्पतींमधली, तब्येतीला चांगली मानली जाणारी संयुगं) शरीरात कमी शोषली जातात असा. पण फ्लॅवनॉल्ससाठी लोक बेरी किंवा कोको घालतात, माझ्या स्मूदीत ते नसतंच, त्यामुळे केळं राहणार. दाटपणा त्याच्यामुळेच येतो.

अननसाचं मात्र लक्षात ठेवा. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दूध-दह्यातली प्रथिनं तोडतं आणि थोडा वेळ ठेवलं की स्मूदी कडवट लागायला लागते. गोठवल्याने हे थांबत नाही, उष्णता दिल्यावरच थांबतं, म्हणून डब्यातल्या अननसाला हा त्रास नाही. दही घालायचंच असेल तर केलं की लगेच प्या. मी नारळाचं दूध घेते त्याचं अर्धं कारण हे आहे. पण तेही फार थंडगार घेऊ नका, त्यातली चरबी गोठून पांढरे कण होतात आणि जिभेला मेणासारखं लागतं.

तर रिंग. ती खराब का होते हे मी इतकं बारकाईने बघितलंय की विचारू नका. अननसाचे धागे, विशेषतः मधल्या दांड्याजवळचे, रिंगच्या खाली खाचेत जाऊन बसतात. वरून बघितलं तर काही दिसत नाही. रिंग त्या ठिकाणी केसभर उचलली जाते, मग दुसऱ्या दिवशी तिथूनच एक ओघळ सुटतो. लोक काय करतात, गळतंय म्हणून झाकण आणखी जोरात आवळतात, त्याने रिंग चेपते आणि कायमची चपटी होते. वर नारळाच्या दुधाचा तेलकटपणा आणि आंब्याचा रंग, तो तेलात विरघळणारा असल्यामुळे सिलिकॉन पिवळं पडतं. पिवळेपणाने काही बिघडत नाही, तो चालतो. काळे ठिपके चालत नाहीत, ती बुरशी असते. आणि ‘सेल्फ क्लीन’ म्हणून जे सांगतात, कोमट पाणी आणि साबणाचा थेंब घालून फिरवा, त्याने कप आणि ब्लेड साफ होतं, रिंगखालचं काहीही निघत नाही. रिंग बोथट काडीने उचलून काढायची, खाच ब्रशने घासायची, दोन्ही पूर्ण कोरडं करूनच परत बसवायचं. सुरीच्या टोकाने काढू नका, बारीकशी चीर पडली तरी ती संपली. मी पहिल्यापासून हेच करतेय, तरीही रिंग एका बाजूने चपटी झालीच.

म्हणून कस्टमर केअरला फोन केला, म्हटलं एक रिंग पाठवा, पैसे देते. उत्तर काय, तर रिंग सुटी मिळत नाही मॅडम, पूर्ण ब्लेड असेंब्ली घ्यावी लागेल. किंमत ऐकून मी गप्पच झाले, मशीनच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश! ब्लेडला धार आहे, बेअरिंग मख्खन फिरतंय, आणि एका रबराच्या कड्यासाठी हे सगळं फेकून द्यायचं? वॉरंटीचं विचारलं तर वॉरंटी फक्त मोटरची, रिंग झिजणारा भाग म्हणून धरत नाहीत. मग मी विचारलं, झिजणारा भाग आहे हे तुम्हालाच मान्य आहे तर तो सुटा का ठेवत नाही? त्यावर होल्ड म्युझिक. परत फोन, परत नवा माणूस, परत सुरुवातीपासून सगळी कहाणी. मेल केला, फोटो जोडले, बेसमध्ये रस उतरतोय आणि खाली विजेचं काम आहे, हे तुम्हाला सुरक्षित वाटतं का असं स्पष्ट विचारलं. पैसे वाचवणं हा एक भाग झालाच, पण धडधाकट वस्तू कचऱ्यात टाकणं माझ्याच्याने होत नाही.

अपडेट: इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि त्या मेलला उत्तर आलं. दोन रिंगा फुकट पाठवल्या, साध्या पाकिटात, सोबत बिल नाही की काही नाही. म्हणजे सुटी रिंग असते! नवी बसवल्यापासून एक थेंब गळलेला नाही, बेस कोरडा ठणठणीत, खुंट्याही नीट चालतायत. म्हणून वर जो राग आहे तो मशीनवरचा थोडा कमी समजा, स्पेअर पार्टच्या धोरणावरचा मात्र तसाच ठेवलाय, कारण फोटो काढून मेलामेली करायला सगळ्यांना कुठे वेळ असतो, बहुतेक जण गुपचूप असेंब्लीचे पैसे भरणार.

ज्यांच्याकडे हाच प्रकार आहे त्यांनी आजच एक करा, रिंग काढून खाचेत काडी फिरवून बघा काय निघतंय. दर वेळी कप काढल्यावर बेसच्या आतली कड बोटाने तपासा, चिकट लागली तर समजा गळती सुरू झालीये, रस वाळायच्या आत प्लग काढून पुसून घ्या. आणि नवीन घेणार असाल तर पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा, रिंग सुटी मिळते का, आणि ‘हो’ म्हणाले तर तिचा पार्ट नंबर लिहून मागा. माझ्याकडची दुसरी रिंग मी वापरलेली नाही, तिची मापं घेऊन ठेवलीयेत, बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी, म्हणजे यांनी पुढे द्यायचं बंद केलं तरी सिलिकॉनच्या रिंगा विकणाऱ्याकडून त्याच मापाची, खाण्याच्या वस्तूंना चालणारी घेता येईल.