अर्धी मादी, पूर्ण टोपी

480 पौंड बोली, 18.50 टपाल, 24.92 कस्टम आणि ते कस्टम वसूल केल्याबद्दल कुरियरवाल्याचे वर 12. एकूण 535.42 पौंड. रुपयांत सांगत नाही, आई वाचेल. एवढे पैसे घातले एका मॉर्फो रेटेनॉरवर, म्हणजे संग्रहासाठी घेतलेल्या एका वाळलेल्या फुलपाखरावर. 'गायनँड्रोमॉर्फ' म्हणून लावला होता लिलावाला, म्हणजे डावीकडून नर, उजवीकडून मादी.

मला नर-मादी कळत नाही असं कुणी म्हणू नये. रेटेनॉरचा नर झगझगीत निळा, मादी तपकिरी-पिवळी, शेंबडं पोरही सांगेल. नर त्यातल्या त्यात स्वस्त, कारण निळं काही हलवलं की दुसरा नर समजून तो खाली झेपावतो आणि जाळ्यात येतो. मादी उंच झाडांवरून सहसा उतरत नाही, म्हणून महाग. दोन्ही एकाच अंगावर असतील तर भाव विचारूच नका.

नमुना घडीचा, पाकिटातला. पंख मिटलेले असले की दोन्ही बाजू बाहेरून तपकिरीच दिसतात, म्हणून विक्रेत्याने चिमट्याने पंख जरासे फाकवून फोटो दिला होता. इकडे निळं, तिकडे पिवळं. पोटाचा खालून फोटो मागितला तर म्हणाला, "वाळलेलं आहे, उलटं केलं तर मोडेल." तिथेच उठायला हवं होतं! त्याच फोटोच्या कोपऱ्यात पोटाचं टोक दिसत होतं: सडपातळ, नराच्या दोन पकडी, दोन्ही बाजूंना अगदी सारख्या. असा डावा-उजवा नमुना खरा असेल तर फाळणी पंखांपाशी थांबत नाही, पोटातूनही जाते. डिंकाची चकाकीही दिसली होती. पण मॉर्फोचं तेल पंखांवर उतरू नये म्हणून पोट काढून, धुऊन परत चिकटवणं हे या धंद्यात रोजचंच. डिंक दिसला म्हणून संशय कुणाला येणार? फक्त ती चकाकी पोटाशी नव्हती, उजव्या पंखांच्या बुडाशी होती.

पंख उघडायला ओलसर डब्यात ठेवलं. झाकण काढलं तर उजवे दोन्ही पंख कापसावर सुटून पडलेले, बुडाशी पांढरा बुळबुळीत थेंब, आणि शेजारी नराचं अख्खं धड.

लिलावाची साइट म्हणते, माल मूळ स्थितीत राहिला नाही, परतावा नाही. अहो, मूळ स्थितीत ठेवला असता तर कळलं कसं असतं? बँक म्हणते, वस्तू पोचली ना, मग हा दर्जाचा वाद. तक्रार नोंदवणाऱ्या बाईंनी फोनवर विचारलं, "फुलपाखरू मेलेलंच मागवलं होतं ना?" एक क्रमांक दिला, पुढे सामसूम. मग साइटला तज्ज्ञाचं पत्र हवं झालं. संग्रहालयात विचारलं तर विक्रीच्या भांडणात ते मत देत नाहीत. मग द्यायचं कुणी, कुरियरवाल्याने?

पोटाच्या टोकाचा खालून फोटो नाही, तर बोली नाही. पुढचे आखूड पायही मागा: नराचे केसाळ कुंचल्यासारखे, मादीचे सांधेदार. पाकीट फोडतानाच व्हिडिओ काढा. ओलं करण्याआधी अंधारात यूव्ही टॉर्च मारा, पुष्कळ डिंक उजळून दिसतात. आणि भारतात राहत असाल तर आधी 1972 चा वन्यजीव कायदा वाचा, नाहीतर पैसे जातील ते जातीलच, वर खटला.

त्याच माणसाने आता आणखी एक 'अर्धी मादी' लावली आहे. बोली 610 वर गेली आहे आणि बोली लावणाऱ्यांना निरोप धाडायची सोय त्या साइटवर नाही.