कोवळ्या कुंपणासाठी लांब मुठींची कात्री: वर्षभराच्या वापरानंतर

मेंदीचे नवे कुंपण लावले त्याच वर्षी मी ही लांब मुठींची हातकात्री घेतली. कोवळ्या कुंपणाला उंचीची घाई करू द्यायची नसते; शेंडा छाटला की तिथून खाली उतरणाऱ्या संप्रेरकाचा अंमल सुटतो, बाजूचे सुप्त डोळे फुटतात आणि झुडूप बुडापासून दाट होऊ लागते. या कामाला ही कात्री उत्तम ठरली, कारण तिची पातळ पाती पेन्सिलीहून बारीक फांदी न चिरडता स्वच्छ कापतात. (विजेवरच्या यंत्राने पाने फाटून कडा करपतात, हे मी आधी भोगले होते.) पाती लांब असल्याने तळ रुंद आणि माथा अरुंद असा उतार राखता येतो, त्यामुळे खालच्या पानांना ऊन मिळते आणि बूड उघडे पडत नाही. तक्रार एकच, पण मोठी आहे: मधला बोल्ट दर दोन-तीन छाटण्यांनंतर सैल होतो आणि पाती फांदी कापण्याऐवजी तिला दुमडतात. पान्याने आवळून तेलाचा थेंब सोडला की भागते, तरी एवढ्या चांगल्या अवजारात ही कटकट नसावी. निबर फांद्यांसाठी मात्र वेगळी छाटणी कात्रीच लागते.