भाऊ वेगळे झाले, खातं काही वेगळं होईना

रावेरला आमचं ठिबक आणि पीव्हीसी पाइपांचं दुकान आहे. वडिलांच्या काळात उधारी लाल वहीत असायची, माझ्या काळात टॅलीत आली. गेल्या वर्षी पोरानं हट्ट धरला म्हणून बिल, स्टॉक आणि ग्राहक एकत्र सांभाळणारं एक नवं सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, आणि त्यांचा माणूस अजून फोन उचलतो, तो उचलत राहिलेला बरा.

बिलिंग झकास आहे. नेट गेलं तरी बिल निघतं, लाइट आली-गेली तरी काही हरवत नाही. तिथं माझी कुरकुर नाही. कुरकुर आहे ती ग्राहकांच्या उतरंडीबद्दल. सुरुवातीलाच हे सॉफ्टवेअर विचारतं, ग्राहक कसे लावायचे? वर मूळ खातं, त्याखाली पोटखाती. एका पोटखात्याला मूळ खातं एकच. आणि एकदा त्यावर बिल फाटलं की जागा बदलणं म्हणजे दिव्य. हे शेवटचं वाक्य विकणाऱ्यानं आधी सांगितलं नव्हतं.

मी वहीतली सवय उचलली आणि गाववार लावलं. वसुलीला मोटारसायकल काढली की त्या गावाची पानं एकदम हाताशी, हे वडिलांचं गणित. यादी खरंच सुंदर निघाली. पण उधारीची मर्यादा या सॉफ्टवेअरमध्ये मूळ खात्याला लागते, आणि माझं मूळ खातं होतं गाव! जूनमध्ये एका केळीवाल्यानं सगळ्या शेताची १६ एमएमची लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, उचलली आणि अख्ख्या गावाची मर्यादा संपली. दुसऱ्या दिवशी त्याच गावचा एक म्हातारा ६३ एमएमचा एक एल्बो घ्यायला आला. नेहमीसारखं म्हणाला, "लिहून ठेव." स्क्रीनवर लाल पट्टी. पोरगा त्याला म्हणतो, "बाबा, तुमची मर्यादा संपली." म्हातारा आधी माझ्याकडे बघत राहिला, मग खिशातून नोटा काढून गल्ल्यावर ठेवल्या आणि निघून गेला. तीस वर्षांत त्याच्याकडून मी रोख मागितली नव्हती. त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन यावं लागलं.

मग दिवाळीच्या आधी पुन्हा सगळं लावलं. या खेपेला एकच कसोटी धरली: पैसे ज्याच्या खिशातून निघतात, तो वर. माल कुठं उतरतो, बिल कोणत्या नावानं निघतं, ते खाली. गाव, फुटकळ की ठोक दर, कोणता पोरगा वसुलीला जातो, या गोष्टी उतरंडीत घालायच्याच नाहीत. त्यासाठी वेगळे शिक्के मारायची सोय आहे आणि एका खात्याला कितीही शिक्के चालतात. गाववार यादी शिक्क्यावरूनही निघते. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर दोन महिन्यांची रात्रपाळी वाचली असती.

केळीच्या व्यापाऱ्यांसाठी मात्र ही रचना सोन्यासारखी आहे. इथं बऱ्याच जणांची एक नोंदणी रावेरची, दुसरी बऱ्हाणपूरची. जीएसटी नंबर आपला २७ नं सुरू होतो, मध्य प्रदेशचा २३ नं; पण मधली दहा अक्षरं पॅनची, ती दोन्हीकडे तीच. म्हणून मूळ खातं पॅनवर धरलं. दोन्हीकडची बाकी एका पडद्यावर दिसते, "ते तिकडच्या खात्यात बघा" ही पळवाट बंद झाली.

इथंच एक खड्डाही आहे. नवं पोटखातं उघडलं की ते मूळ खात्याचं राज्य आणि जीएसटी नंबर आपोआप उचलतं. बऱ्हाणपूरला जाणाऱ्या पाइपांच्या बिलावर १८ टक्के आयजीएसटीऐवजी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीच्या कराऐवजी, राज्यातल्या विक्रीसारखे ९ आणि ९ असे दोन कर लागले. टेम्पो भरून दारात उभा. माल पन्नास हजारांच्या वरचा, म्हणून मालवाहतुकीचं ई-वे बिल काढायला पोरगा बसला, तेव्हा ध्यानात आलं. तसंच गेलं असतं तर कराची जमा त्यांच्या भलत्याच नोंदणीत दिसली असती आणि शिव्या मला बसल्या असत्या. सेटिंगमध्ये 'मूळ खात्याची माहिती उचला' ही खूण असते, ती पहिल्या दिवशीच काढून टाका.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे माल न्यायला येणारा माणूस. प्रत्येक खात्याखाली असे मोबाइल नंबर ठेवता येतात. सोय चांगली, पण आपल्याकडे सालदार, म्हणजे सालानं ठेवलेले शेतगडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मालक बदलतात, हे ज्यानं सॉफ्टवेअर लिहिलं त्याला कुठून ठाऊक? मे महिन्यात एक सालदार आला, ठिबकमधून खत सोडायची व्हेंचुरी आणि फिल्टर घेऊन गेला. काउंटरवर नंबर टाकला, बिल जुन्या मालकाच्या नावावर फाटलं. जुन्या मालकाचा फोन, "भाऊ, माझ्या मळ्यात फिल्टर कोणी बसवून राहिला?" आता आखाजीच्या आदल्या रात्री यादी काढून जुने नंबर खोडायचं काम माझ्याकडे आहे.

एक दुखणं मात्र अजून सुटलेलं नाही. एका घरचे दोन भाऊ एका मूळ खात्याखाली होते. वाटणी झाली, सातबारे वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या. सॉफ्टवेअर म्हणतं, बाकी शून्य झाल्याशिवाय पोटखातं सुटं होणार नाही. आणि बाकी शून्य कशी होणार? कोणी किती भरायची यावरूनच तर भांडण आहे. धाकटा दुकानात आला की त्याला थोरल्याच्या उधारीचा आकडा दिसतो, आणि तो तो आकडा मोठ्यानं वाचतो.

पाचपैकी साडेतीन तारे. वर्गणी मार्चमध्ये संपते. फोनवरच्या माणसाला भावांचं सांगितलंय, तो म्हणाला, "काका, लिहून घेतलंय." उधारीवाला म्हणतो तसंच म्हणाला.