नौपाड्यातला इंग्रजी शब्दांचा वर्ग: माझे पैसे एका शब्दात वसूल झाले

ठाणे कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं टायपिंग करते. ‘टॅसिट कन्सेंट’ किती वेळा टाइप केलं असेल त्याला गणती नाही. अर्थ विचारला तर ‘मूक संमती’ एवढंच सांगता यायचं. म्हणून नौपाड्यात रविवारी सकाळी भरणाऱ्या या वर्गाला नाव घातलं. आठ रविवार, फी २,४०० रुपये.

तिसऱ्या रविवारी बाईंनी फळ्यावर ‘टॅसिटर्न’ लिहिलं. पाठ करायला नाही लावलं. आधी लॅटिन क्रियापद सांगितलं, ताकेरे, म्हणजे गप्प राहणं. त्यातला ‘क’ इंग्रजीत ‘स’ झाला आणि टॅसिट, टॅसिटर्न, रेटिसंट ही सगळी एकाच घरची मंडळी निघाली. रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या नावातही हाच गप्पपणा आहे. पाश्चात्त्य संगीतात एखाद्या वाद्याने पूर्ण भाग थांबायचं असेल, तर वादकाच्या कागदावर ‘टॅसेट’ लिहितात, हे तर मला फारच आवडलं.

मग वापर. टॅसिट असते ती संमती, समजूत. माणसाला टॅसिट म्हणत नाहीत. (इथे मीही हात वर केला. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ९ मध्ये शब्दांत दिलेलं वचन ‘एक्सप्रेस’ आणि शब्दांवाचून दिलेलं ‘इम्प्लाइड’ आहे, ते सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं.) टॅसिटर्न तो माणूस, जो मुळातच कमी बोलतो. खोली सायलेंट असते, टॅसिटर्न नाही. रेटिसंट मात्र एखाद्या विषयापुरता तोंड मिटतो, म्हणून त्याच्यापुढे बहुधा ‘अबाउट’ येतं.

छापील नोट्समध्ये टॅसिटर्नला ‘घुमा’ दिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. घुमा म्हणजे मनात काहीतरी धरून बसलेला. तो शब्द आपण रागानेच वापरतो. ‘मितभाषी’ उलट कौतुकाचा. मी ‘अबोल’ सुचवलं, बाईंनी लगेच सगळ्यांना दुरुस्ती करायला सांगितली.

आणि मग मी विचारलं, “म्हणजे माझे बाबा टॅसिटर्न होते ना?” वागळे इस्टेटमधली त्यांची कंपनी बंद पडली तेव्हा मी नववीत होते. घरात सगळे त्यांना अबोलच म्हणायचे.

“कशावरच बोलायचे नाहीत का?” बाईंनी विचारलं.

मी आठवू लागले. तलावपाळीच्या कट्ट्यावर बसले की गावची भातलावणी, जुने क्रिकेटचे सामने, तासभर बोलायचे. कंपनीचं नाव निघालं की उठून चपला घालायचे.

“मग ते रेटिसंट. अबाउट द फॅक्टरी.”

वहीत ते तसंच लिहिलंय. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “माझ्याशी रात्री बोलायचे की. तुम्ही झोपल्यावर.”

जागा अरुंद आहे, पंखा खडखडतो, मागे बसलात तर उच्चार नीट ऐकू येत नाहीत. पुढचा बाक धरा. एका रविवारी जेमतेम सात-आठ शब्द होतात, त्यामुळे परीक्षेसाठी शब्दांच्या लांबलचक याद्या हव्या असतील त्यांनी दुसरीकडे बघावं. दिवाळीनंतरच्या बॅचलाही मी नाव घातलंय.