नऊ चौकोनांचा कॅनव्हास: आठ महिने वापरल्यानंतर

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला उद्योजकता हा विषय घेतला तेव्हा, जुलैत, सरांनी प्रत्येकाच्या हातात एक मोठा छापील कागद दिला: बिझनेस मॉडेल कॅनव्हास. आता मार्च संपत आलाय आणि त्याची अकरावी प्रत माझ्या खोलीच्या भिंतीवर आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. एका पानावर नऊ चौकोन. उजवीकडे ग्राहक, त्यांच्याशी नातं, त्यांच्यापर्यंत पोचायचे मार्ग. डावीकडे भागीदार, कामं, साधनं. मधोमध आपण ग्राहकाला नेमकं काय देतो ते, आणि तळाला खर्च नि मिळकत. अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांनी लोझान विद्यापीठात ईव्ह पिन्यर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ साली पीएचडी पूर्ण केली. कॅनव्हासचं मूळ त्या कामात आहे. नेटवरून फुकट उतरवून घेता येतो.

माझा उद्योग म्हणजे सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुण्यात विकणं. भाकऱ्या माझी मावशी आणि तिच्या शेजारच्या दोघी करतात, माल एसटीच्या पार्सलने येतो.

पहिला कॅनव्हास मी वीस मिनिटांत भरला. ग्राहकाच्या चौकोनात लिहिलं, 'होस्टेलमधले विद्यार्थी'. सगळे चौकोन भरले की धंदा उभा राहिल्यासारखं वाटतं, आणि या कागदाचा खरा धोका हाच आहे. सप्टेंबरपर्यंत चौतीस जणांशी बोलले. विद्यार्थी हौसेने एकदा घेतात, पुन्हा विचारत नाहीत. परत परत मागणारी घरं निघाली वाकड-हिंजवडीकडची, जिथे गावाहून आलेले आईवडील मुलांकडे राहतात आणि त्यांना रात्री भाकरीच लागते. ग्राहक बदलला तसा चार भाकऱ्यांचा पुडा वीस भाकऱ्यांचा झाला, मेसचं काउंटर सुटून सोसायटीचे व्हॉट्सअॅप ग्रुप आले, किंमतही नव्याने ठरवावी लागली. एक चौकोन हलला की बाकीचे आठ जाब विचारतात. यासाठी मी हा कागद कुणालाही घ्यायला सांगेन.

थेट पेनने मात्र लिहू नका. मी अंदाज पिवळ्या चिठ्ठीवर लिहिते आणि ग्राहकाकडून खात्री झाली की तिथे हिरवी लावते. पहिले दोन महिने सगळी भिंत पिवळी होती.

आता उणीव. यात वेळेला जागा नाही. खर्चात पीठ, मजुरी, पॅकिंग, पार्सल लिहिलं, मिळकतीत विक्री लिहिली. पुड्यामागे चौदा रुपये सुटत होते. पण एका दुकानदाराने पैसे पंचेचाळीस दिवसांनी दिले, आणि मावशीकडच्या बायकांना मजुरी दर शनिवारी लागते, लागायलाच हवी. ऑक्टोबरात कागदावर नफा होता आणि हातात दमडी नव्हती. तो महिना मी वडिलांकडून उसने घेऊन काढला. तेव्हापासून शेजारी आठवड्याच्या जमाखर्चाची वही ठेवते: कोणत्या तारखेला किती येणार, किती जाणार. वाहतुकीत भाकऱ्या मोडतात हेही मला पार्सल उघडल्यावरच कळलं. आता त्या पत्र्याच्या डब्यात रचून येतात.

मध्ये दोन महिने अॅश मौर्य यांचा लीन कॅनव्हास वापरून पाहिला. त्यात भागीदारांच्या जागी 'समस्या' येते. अॅपची किंवा सॉफ्टवेअरची कल्पना डोक्यात असेल, ग्राहकच अजून धूसर असेल, तर तो जास्त बरा. आमच्या धंद्याचा जीव मात्र त्या तीन बायकांच्या हातात आहे. त्यांच्यासाठी चौकोनच नाही म्हटल्यावर मी जुन्याकडे परतले.

स्पर्धांसाठी नटवून भरलेला कॅनव्हास वेगळा आणि भिंतीवरचा वेगळा असू देऊ नका. मी एकदा तसं केलं आणि परीक्षकांनी परत येणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण विचारल्यावर गप्प बसावं लागलं. ए३ आकारात छापून घ्या, ए४ वर चिठ्ठ्या मावत नाहीत. दर महिन्याला नवी प्रत लावा, जुनीवर तारीख घालून जपून ठेवा. माझ्या दहाही जुन्या प्रती फाइलमध्ये आहेत. मावशी पुण्याला आली की तिला एकेक दाखवते, आणि मजुरीचा आकडा कुठे चुकतोय ते ती माझ्याआधी सांगते.