साठी उलटल्यावर घ्यायची कॅराव्हॅन: आमच्या टू-बर्थचा रिव्ह्यू

निकाल आधी सांगते, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायला नको. दोघांपुरती, मागच्या टोकाला अख्खी बाथरूम असलेली, एका ॲक्सलची (म्हणजे दोनच चाकांची) सेकंडहँड टोइंग कॅराव्हॅन, म्हणजे कारमागे ओढायचं चाकांवरचं घर, आणि ते रिमोटवर हलवायला खालून बसवलेला मोटर मूव्हर, या जोडीला पाचपैकी साडेचार. मूव्हर नसता तर दोनच दिले असते, आणि आमच्या ह्यांनी गाडी केव्हाच विकून टाकली असती.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मी सदुसष्ट, हे बहात्तर. मी हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाले, हे रेल्वेतून. गाडी ओढायचं काम माझं, कारण मोटरवे लागला की ह्यांचे डोळे मिटतात. संडासाची कॅसेट, म्हणजे खालची मैल्याची काढती पेटी, रिकामी करायचं काम ह्यांचं. या वाटणीवर आमचं उत्तम चाललंय.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ही मांडणी बेली, स्विफ्ट, कोचमन सगळ्यांनी वर्षानुवर्षं केलेली आहे. आमच्या वयाला लोगोपेक्षा मांडणी महत्त्वाची. पुढे समोरासमोर दोन लांब बाक, मधे एका बाजूला ओटा, मागे आडवी बाथरूम. बस्स. शोरूममध्ये गेलात की विक्रेता तुम्हाला आधी आयलंड बेडवाली दाखवणार. मधोमध पलंग, दोन्हीकडून उतरायला वाट, दिवे लावलेले, उशा मांडलेल्या. छानच दिसते. पण ती लांब असते, जड असते, आणि पलंगाने जागा खाल्ल्यामुळे पावसाच्या दिवशी दोन माणसांनी बसायचं कुठे हा प्रश्न असतो. इंग्लंडमध्ये पावसाचे दिवस किती ते मी सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे कोपऱ्यातल्या फिक्स बेडची गाडी. तिथे आत झोपलेल्या माणसाला रात्री उठायचं तर बाहेरच्याला ओलांडून जावं लागतं. सत्तरीत पुरुषमाणूस रात्री किती वेळा उठतो, हे ज्या घरात आहे त्यांना माहीत आहे.

आमचे बाकच रात्री दोन सिंगल बेड होतात. पाठीच्या गाद्या काढायच्या, चादर घालायची, झालं. मधे चालायला वाट मोकळी. हे उठले तर मला कळतही नाही, आणि पाच पावलांवर स्वतःचा स्वच्छ संडास. लोक विचारतात, हॉटेल का नाही, कॉटेज का नाही भाड्याने घेत. खरं उत्तर हे आहे. अनोळखी घरात अंधारात दिवा चाचपडायचा, जिना उतरायचा, हे आता नको वाटतं. इथे गादी आपली, उशी आपली, गोळ्यांचा डबा नेहमीच्या फळीवर.

बाथरूमबद्दल एक गोष्ट आपल्या लोकांना आवडेल. गरम पाण्याची टाकी जेमतेम दहा लिटरची. शेजारचे इंग्रज शॉवर घेताना साबण लावायच्या आत पाणी संपल्याची तक्रार करतात. आम्ही शॉवरच्या ट्रेमध्ये छोटी बादली आणि मग ठेवलाय. दहा लिटर कढत पाण्यात तेवढंच गार मिसळलं की एकाची भरपूर आंघोळ होते. मग पुन्हा टाकी तापेपर्यंत दुसऱ्याचा चहा.

आता मूव्हर, म्हणजे या रिव्ह्यूचा मुख्य मुद्दा. चॅसिसखाली चाकांच्या शेजारी दोन मोटर असतात. बटण दाबलं की त्यांचे रोलर टायरला घट्ट टेकतात आणि कॅराव्हॅनच्याच बारा व्होल्ट बॅटरीवर चाकं फिरवतात. गाडी कारपासून सोडवायची, रोलर टेकवून मगच तिचा हँडब्रेक काढायचा आणि हातात रिमोट घेऊन बाजूला उभं राहायचं. एका ॲक्सलची असेल तर ती जागच्या जागी गोल फिरते. शेतातल्या साइटवर (कॅराव्हॅन लावून मुक्काम करायची जागा) एकदा फाटक इतकं अरुंद होतं की दोन्हीकडे वीतभरच जागा राहत होती. तीन गृहस्थ चहाचे मग घेऊन मदतीला आले. मदत म्हणजे सल्ला. एक म्हणतो डावीकडे काप, दुसरा म्हणतो आधी सरळ घे. मी कार बाजूला लावली, रिमोट काढला आणि तेराशे किलोची गाडी मुंगीच्या चालीने फाटकातून आत नेऊन, वळवून, दार ऊन येईल त्या बाजूला करून उभी केली. सल्ले आपोआप थांबले. रिव्हर्स मला येतो, कॅराव्हॅनवाल्यांच्या क्लबचा कोर्स केलाय. कॅराव्हॅनचं मागचं टोक डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी उजवीकडे, हे डोक्यात पक्कं आहे. पण मान मागे वळत नाही हो पूर्वीसारखी. मूव्हरने हा प्रश्नच मिटवला.

त्याच्या मर्यादाही सांगते. ओल्या गवतावर चाक घसरतं, जाड खडीत रुततं, आणि बोटभर उंचीच्या कडेवरही चढताना कुरकुरतं. बॅटरी चांगली नसेल तर ऐन मोक्याला धाप लागते. आणि काम झालं की आधी हँडब्रेक ओढायचा, मग रोलर सोडायचे. उतारावर क्रम उलटा झाला तर गाडी निघालीच. रोलर टेकलेले ठेवून टोइंग करणं तर विसराच.

गुडघ्यांसाठी दुसरी युक्ती. चार कोपऱ्यांचे पाय, ज्यांना इथे स्टेडी म्हणतात, ते खाली वाकून हँडलने फिरवायचे असतात. ह्यांनी कॉर्डलेस ड्रिलला एकोणीस मिलिमीटरचा सॉकेट लावला. आता स्टूलवर बसून घर्रर्र केलं की काम झालं. फक्त स्टेडी म्हणजे जॅक नव्हे, त्यांनी गाडी उचलायची नाही, टेकू द्यायचा. गाडी आडवी समपातळीत नसेल तर फळ्या चाकाखाली घालायच्या, म्हणजे फ्रिजही नीट चालतो आणि डोक्याकडे रक्तही उतरत नाही.

पाण्याचा पिंप चाळीस लिटरचा, पण तो रोलरसारखा जमिनीवरून ओढत आणायचा असतो, उचलायचा नसतो. कॅसेटचं तसं नाही. पूर्ण भरली तर वीस किलोच्या आसपास जाते. म्हणून अर्ध्यावर आली की न्यायची, हा आमचा घरचा कायदा. कोणी आळस केला तर कंबर कोणाची जाणार ते ठरलेलंच आहे.

आता कापलेला अर्धा गुण. तो ओट्याचा. टू-बर्थमध्ये ओटा म्हणजे नावाला. गॅस, सिंक आणि मधे एक पोळपाट बसेल एवढी जागा. त्यात आपली फोडणी. एकदा आत मोहरी-हिंगाची फोडणी केलीत की गादीच्या कापडात तो वास पुढच्या ट्रिपपर्यंत मुक्कामाला. आम्ही सगळं तळण-फोडणीचं काम बाहेर, ऑनिंगमध्ये (कॅराव्हॅनच्या बाजूला लावायचा तंबू) पोर्टेबल शेगडीवर करतो. आत फक्त भात, चहा, टोस्ट. कुकरही बाहेरच, आणि शिट्ट्या मोजून. दोन गाड्यांमध्ये सहा मीटर अंतर ठेवायचा नियम आहे, पण सकाळी आठला शिट्टीसाठी सहा मीटर म्हणजे काहीच नाही. पहिल्या शिट्टीला शेजारच्या पडद्यातून एक डोकं बाहेर आलं होतं. त्या डोक्याला नंतर वरण-भात दिला.

विजेचं गणित पाठ करून ठेवा. क्लबच्या मोठ्या साइटवर बहुतेक सोळा अँपिअर मिळतात, लहान शेतांवर अनेकदा दहा. दहा अँपिअर म्हणजे साधारण २३०० वॅट. घरची किटली एकटीच तेवढी खाते, वर हीटर चालू असेल तर ब्रेकर पडणारच. कमी वॅटची किटली घ्या, सावकाश उकळते, आपल्याला घाई कुठे आहे. आणि सप्टेंबरच्या पुढे उत्तरेला जाणार असाल तर गॅसचा लाल सिलिंडर, म्हणजे प्रोपेन. निळ्यातला ब्युटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही. सिलिंडर भरलेला आणि शेगडी मात्र बंद.

खरेदीबद्दल. ओल हा कॅराव्हॅनचा मधुमेह आहे, आतून पोखरतो आणि वरून काही दिसत नाही. एका विक्रेत्याकडे (गाव सांगत नाही) आम्ही एक चकाचक गाडी पाहिली. आत लव्हेंडरचा घमघमाट. मी पुढच्या बाकाची फळी उचलून खाली नाक घातलं, तर थेट गोदामाचा कुबट वास. ओलीचं मीटर लावा म्हटल्यावर साहेबांना मीटरच सापडेना. निघालो. पंधरा टक्क्यांच्या आत आकडा असेल तर बरं, विशीच्या पुढे गेला की खिसा सांभाळा. शेवटी घेतली ती एका आजोबांकडून, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाइलला लावलेल्या. टायर मात्र लगेच बदलले. नक्षी शाबूत दिसली तरी पाच वर्षांनी बदलावेत, सातच्या पुढे तर वापरूच नयेत. कॅराव्हॅनचे टायर झिजून नाही, उभे राहून म्हातारे होतात.

वजनाकडे दुर्लक्ष करू नका. भरलेली कॅराव्हॅन कारच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावी, असा इथला सल्ला आहे. कायदा नाही, पण शहाणपण आहे. आमची कार १६५० किलोची, कॅराव्हॅन भरून जास्तीत जास्त १३००, म्हणजे निवांत. हूकवर पडणारं वजन एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के ठेवायचं. ते कमी पडलं की गाडी मागून शेपटी हलवायला लागते, आणि मोठी लॉरी शेजारून गेली की ते फार जाणवतं. सामानाची मुभा मात्र तुटपुंजी असते. मूव्हरच तीसेक किलो घेतो, मग बॅटरी, मग ऑनिंग. उरलेल्यात दोघांचे कपडे आणि तांदळाचा डबा. जड सामान ॲक्सलच्या जवळ, खाली. लोणच्याच्या बरण्या वरच्या कपाटात ठेवायच्या नाहीत, कितीही चांगल्या मावत असल्या तरी.

रस्त्यावर मोटरवेला ताशी ६० मैल, मधे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्याला ५०. तीन लेन असतील तर सगळ्यात उजवीकडची आपली नाही. मला हे आवडतं, कोणी मागून घाई करायचा प्रश्नच नाही. परवान्याचं म्हणाल तर १९९७ पासून पुढे परवाना काढलेल्यांना जड टोइंगची वेगळी परीक्षा असायची, ती १६ डिसेंबर २०२१ पासून गेली. भारतातून उशिरा आलेल्यांना याचा मोठा फायदा झाला. सत्तरीला परवाना नव्याने काढावा लागतो आणि मग दर तीन वर्षांनी. साडेतीन टनांवरच्या मोठ्या मोटरहोमसाठी (स्वतःचं इंजिन असलेलं चाकांवरचं घर) मेडिकलही लागते. कॅराव्हॅन ओढणाऱ्याला त्याची गरज नाही, हा टोइंगच्या बाजूचा एक भक्कम मुद्दा आहे.

दुसरा मुद्दा, साइटवर घर ठेवून नुसती कार घेऊन फिरता येतं. लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट पासवर तीनास एक चढ आहे, तिथे कॅराव्हॅनचं नावही काढू नये. यॉर्कशायरमध्ये थर्स्कजवळच्या सटन बँकच्या चढावर तर कॅराव्हॅनला बंदीच आहे. नेव्हिगेशनवर विसंबू नका, नकाशा बघा. यॉर्कहून लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिकला जाताना लागणारा ए-६६ हा रस्ता स्टेनमोरच्या उंच माळावर वाऱ्याने उंच गाड्यांना बंद होतो. निघण्याआधी वारा बघायचा, तापमान नंतर.

मुक्कामाचं थोडक्यात. कॅराव्हॅन अँड मोटरहोम क्लब १९०७ पासून आहे. त्यांची यॉर्कची राऊनट्री पार्क साइट म्हणजे नदीकाठाने चालत थेट गावात, कार काढायलाच नको. फक्त ऊझ नदीला पूर येतो त्या दिवसांत जाऊ नका. पण माझा जीव लहान जागांवर, ज्यांना इथे सीएल (सर्टिफिकेटेड लोकेशन, म्हणजे क्लबने मान्य केलेली जागा) म्हणतात. कोणाचं तरी शेत, जास्तीत जास्त पाच गाड्या, फक्त सभासदांना. पाण्याचा नळ आणि कॅसेट रिकामी करायची सोय नक्की मिळते, संडास-शॉवर असेलच असं नाही. म्हणून तर गाडीत बाथरूम नीट हवी. शाळा चालू असताना, मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबरात जा. सगळे आपल्याच वयाचे असतात आणि नऊला दिवे बंद.

ज्यांना रोज नव्या गावी मुक्काम हवा त्यांनी ही घेऊ नये, जोडाजोडीतच दिवस जातो. एका जागी आठवडाभर बसून आजूबाजूला हिंडायचं असेल तर घ्यावी. बघायला जाल तेव्हा दोघांनी बूट काढून दोन्ही बाकांवर अर्धा तास आडवं व्हा, एकाने उठून बाथरूमपर्यंत जाऊन या, दार लावून आत बसून बघा, गुडघे दाराला लागतात का. विक्रेता बाहेर ताटकळेल. ताटकळू दे, त्याला सवय असते.